कॅरिअर उतरवल्यावर

"इथून डावीकडे घे," ती म्हणाली आणि मी डावीकडे घेतली. पुढे दोन-तीन किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती हे साध्या आवाजात म्हणाली होती. मान माझ्याकडे न वळवता, खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच पुटपुटावं तसं. तरीही मला ते पहिल्या झटक्यात ऐकू आलं होतं. एरवी आमच्यात अशा वेळी "काय?", "अरे डावीकडे!", "मग आधी सांगायचं ना!" अशी तीन वाक्यं व्हायची आणि तोवर वळण मागे पडलेलं असायचं. रस्ता नेहमीचाच होता, काटा ऐंशीच्या आसपास, टायर तेच, गाडी तीच. फरक एवढाच, की टपावरचा रॅक चार दिवसांपूर्वी उतरवला होता. पुढच्या डाव्या पायाजवळचा वेल्डिंगचा टाका तडकला होता, तो भरून घ्यायला दिला होता. मी म्हटलं, "गाडी किती शांत झालीय, नाही?" तर ती म्हणाली, "गाडीचं मला माहीत नाही. तू शांत झालायस. निघाल्यापासून एकदाही ओरडला नाहीस."

"मी ओरडायचो?"

"गाडीत बसलं की आपण दोघंही ओरडायचो. मला वाटायचं, तुला गाडी चालवायचा ताण येतो."

रॅक बसवल्याला बावीस महिने.

म्हणजे आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता असं नाही. रॅक बसवला त्या संध्याकाळी तो चांगला ऐकू आला होता. साठच्या पुढे काटा गेला की डोक्यावरून घूंऽऽ असा एक सूर निघायचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की निघतो त्या जातीचा, पण जाड, घसा बसलेला. वेग वाढवला की सूर चढायचा, ब्रेकवर पाय ठेवला की उतरायचा. मला आधी मौज वाटली, मग कुतूहल, मग वैताग. शोधता शोधता कळलं, की हे सगळं त्या पुढच्या गोल आडव्या नळीचं काम. नळीवरून वारा गेला की तिच्या पाठीमागे भोवरे सुटतात, एक वरच्या अंगाने, एक खालच्या, आळीपाळीने, अगदी तालात. नळी जितकी बारीक आणि वारा जितका जोराचा, तितकी त्यांची घाई जास्त. २५ मिलिमीटरची नळी आणि ताशी ८० किलोमीटरचा वेग धरला, तर सेकंदाला साधारण १८० वेळा हा फेरा पुरा होतो आणि तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात, त्या याच कारणाने. कारखान्यांच्या उंच पोलादी धुराड्यांना वरच्या टोकाकडे मळसूत्रासारखी पट्टी गुंडाळलेली असते, तिचा उलगडाही मला तेव्हा झाला. भोवरे उंचीभर एका तालात सुटून धुराडं डोलायला लागू नये, म्हणून ती पट्टी त्यांचा ताल मोडते. मी एवढी वर्षं ती शोभेची समजत होतो.

मग मीही तेच केलं. बोटाएवढ्या जाडीचा दोर आणला आणि पुढच्या नळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरपा, सुटा सुटा गुंडाळला. स्टुलावर उभं राहून, दर वेढ्याला दोर ओढून, दोन्ही टोकांना बारीक तारेने आवळून. मान अवघडली, तळहाताला दोराचे केस टोचले. पण जमलं. दुसऱ्या दिवशी सूर गेला होता. त्याच्या जागी एक पसरट खसखस आली होती, दूर कुठेतरी पाऊस पडत असावा तशी. मी भेटेल त्याला ही धुराड्याची गोष्ट सांगत सुटलो. आज आठवतं ते वेगळंच. दोर गुंडाळण्यात एक अख्खी दुपार गेली आणि त्या दुपारी एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय त्या रॅकवर गेले दोन महिने काडीसुद्धा ठेवलेली नाही. कान मात्र त्या खसखशीला सरावले. आमचे आवाज आपोआप चढले आणि चढलेलेच राहिले.

रूफ रॅक हा शब्दही माझ्या तोंडी अलीकडचा. लहानपणी आम्ही त्याला कॅरिअर म्हणायचो. "टपावर कॅरिअर आहे का?" एवढाच प्रश्न असायचा, असेल तर माणसं आत, सामान वर. मामाच्या जीपला होतं. पाण्याच्या पाइपचं जोडून घेतलेलं, मागून चढायला तीन पायऱ्यांची शिडी, रंग जीपचाच पण ब्रशने मारलेला, त्यामुळे त्यात दोन-चार केस कायमचे चिकटलेले. त्या जुन्या गाड्यांच्या टपाला भोवताली पन्हळ असायची, पावसाचं पाणी दारावर न येता मागे वाहून जावं म्हणून. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकत्र जोडलेला असतो ती ही कड, म्हणजे गाडीच्या वरच्या भागातली मजबूत जागा. कॅरिअरचे पाय तिथे हवे तितके, हवे तिथे आवळता यायचे आणि भार लांबीभर वाटला जायचा. नंतर गाड्या गुळगुळीत झाल्या, पन्हळ गेली. आता टपाला ठरावीक चार किंवा सहा जागी आधार मिळतो, सगळी भिस्त तेवढ्यावरच. टोयोटा लँड क्रूझरच्या ७० मालिकेत आणि सुझुकीच्या छोट्या जिम्नीत पन्हळ अजून टिकून आहे. ती दिसली की मला उगाच आपल्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

मामा सामान बांधायचा ते बघण्यासारखं असायचं. ताडपत्री आधी पसरायचा, मग सामान, मग ताडपत्रीची चारही टोकं वर दुमडून घ्यायची, पुढचं टोक नेहमी मागच्याच्या खाली, नाहीतर वारा आत शिरून तिचं शीड होतं. मग दोर. गाठ मारताना दोराचा मधेच एक फास करायचा, त्यातून मोकळं टोक ओवून, पाय कॅरिअरला लावून असा ओढायचा की दोर टण्ण वाजायचा. ताडपत्रीचा तो उन्हात तापलेल्या डांबरासारखा वास, तापलेल्या पाइपला गुडघा लागला की बसणारा चटका, आणि वरून खालच्या माणसांची फक्त डोकी दिसायची, ही सगळी चैन मला त्या कॅरिअरवर मिळाली. सामान कुठलं वर जाणार हे मात्र मामाच ठरवायचा. त्याचा नियम होता: टपावर तेच ठेवायचं, जे वाटेत पडलं तर मागे फिरावंसं वाटणार नाही. गाद्या, रिकामी पिंपं, टोपल्या. जड ट्रंक पायाशी, आत. आम्ही पोरं तिच्यावर पाय ठेवून बसायचो आणि कुरकुर करायचो.

हा नियम मला तोंडपाठ होता. पण मी स्वतः रॅक घेतला तो मामाकडे बघून घेतला नाही. तो घेतला १९८० च्या दशकातल्या कॅमल ट्रॉफीच्या, म्हणजे जंगल-चिखलातून गाड्या काढायच्या त्या स्पर्धेच्या, फोटोंकडे बघून. त्या पिवळ्या लँड रोव्हर, चिखलाने अर्ध्या रंगलेल्या, टपावर टायर, पत्र्याच्या पेट्या, इंधनाचे डबे म्हणजे जेरी कॅन, अशी रचलेली भिंत, समोर नदी, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून हात करणारा कुणीतरी. कॉलेजात असताना मासिकातलं एक पान कापून ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. माझी गाडी आली, फोर बाय फोर, लो रेंज म्हणजे अवघड वाटेवर हळू पण जोरात ओढणारे गिअर, सगळं आलं. पण ती उभी राहिली की बाजारात निघाल्यासारखी दिसायची. रॅक बसवला आणि ती लगेच कुठूनतरी आल्यासारखी दिसायला लागली. खरं सांगायचं तर पहिला महिनाभर मी गाडी लावल्यावर वळून तिच्याकडे बघत बघत घरात जायचो. कॅरिअरला कुणी असं वळून बघितलं नसेल.

तर टाका तडकला. माझ्या ते लक्षातही आलं नसतं, पण गाडी धुताना नळीतून गंजाचं पाणी ओघळलेलं दिसलं, बोट फिरवलं तर केसाएवढी रेघ लागली. वेल्डरने ती बघितली, नखाने खरवडली आणि विचारलं, "दादा, यावर वाहता काय तुम्ही?" मी म्हटलं, "फारसं काही नाही." हे एका अर्थी खरं होतं आणि एका अर्थी साफ खोटं. त्याच्याकडे नेण्याआधी घरीच रॅक खाली घेतला होता, तेव्हा सहज म्हणून तो वजनकाट्यावर कलता उभा धरला. ४१ किलो. तेवढ्यावरून गाडीचं मॅन्युअल काढलं. एरवी इंजिन ऑइल कुठलं, टायरमध्ये हवा किती, एवढ्यासाठी उघडलं असेल. टपाचं पान मी कधी वाचलंच नव्हतं. माझ्या गाडीच्या टपाची मर्यादा १०० किलो. पुष्कळ गाड्यांची ७५ असते, एखाद्या छोट्या गाडीची जेमतेम ३०. आणि ही मर्यादा रॅकसकट असते. त्यात डांबरी रस्ता धरलेला. कच्च्या, खडबडीत वाटेवर जाणार असाल तर त्या आकड्याला दीडने भागा, असं रॅक बनवणारेच सांगतात. भागलं. ६६. त्यातून रॅकचे ४१ गेले. उरले २५.

पंचवीस किलो म्हणजे किती? पेट्रोलने भरलेला २० लिटरचा एक जेरी कॅन. पेट्रोल १५ किलो, पोलादी डबा चार-साडेचार. त्यावर एक ताडपत्री आणि दोर. संपला रॅक. मी त्यावर काय चढवलं होतं ते त्याच कागदावर खाली लिहिलं: दोन कॅन, जास्तीची स्टेपनी, शेतावरच्या कामाचा असतो तसला उंच जॅक, चिखलात चाकाखाली घालायच्या पाट्या, हत्यारांची पत्र्याची पेटी. बेरीज एकशे आठ. रॅक धरून १४९. टाका तडकला हे एकवेळ कळलं. बाकीचे तीन पाय कशाच्या जोरावर धरून राहिले, ते कळेना.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, माझाही झाला होता. टपावर तंबू लावून त्यात दोघं झोपतात, तंबू पन्नास-साठ किलोचा, माणसं दीडशेची, तरी टपाला काही होत नाही. मग माझ्या दीडशेनं काय बिघडणार? पण गाडी उभी असते तेव्हा ओझं फक्त खाली दाबतं. चालत्या गाडीवर तेच ओझं वळणावर बाजूला खेचतं, ब्रेकला पुढे सरतं, खड्ड्यात चाक गेलं की आधी हलकं होतं आणि मग दाणकन बसतं. कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात, त्यांवरून तासभर गेलं तर हे किती हजार वेळा होत असेल! बोल्ट सैल होतात ते तिथेच. नवा रॅक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरने पुन्हा पाना फिरवा म्हणतात, आणि कच्च्या वाटेवर रोज संध्याकाळी. मी पाना फिरवला होता, पण तो बोल्टवर. टाक्याला पाना नसतो.

या सगळ्या आकडेमोडीच्या आधी, साधारण वर्षभरापूर्वी, एक गोष्ट घडली होती. ती मी "भारी मजा आली" या सदरात टाकून दिली होती.

डोंगराच्या कुशीतून जाणारी एक वाट होती. डाव्या अंगाला चढ, उजव्या अंगाला उतार, आणि पावसानं उजव्या चाकाची चाकोरी खोल खणलेली. म्हणजे गाडी आधीच उजवीकडे कललेली, त्यात खालच्या बाजूला मी. मित्र पुढे उभा राहून हातानं दिशा दाखवत होता. पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजला, इंच इंच. एका ठिकाणी उजवं पुढचं चाक खाचेत उतरलं, गाडी कलली, थांबली. आणि ती थांबल्यावर, अर्ध्या सेकंदानं, वरचं सगळं कललं. तो अर्धा सेकंद मी विसरू शकत नाही. एका कॅनमधलं पेट्रोल आदल्या दिवशी वापरलं होतं, तो अर्धवट होता. त्यातलं पेट्रोल डुबुक करून उजव्या बाजूला आलेलं मला टपातून ऐकू आलं. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. मित्राचा हात हवेत तसाच राहिला. "हलू नकोस," तो म्हणाला, आणि तो नेहमी लेका, गड्या असं काहीतरी लावल्याशिवाय बोलत नाही. डावं मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर होतं.

मी वरच्या बाजूच्या दारातून, म्हणजे आभाळाकडे उघडणाऱ्या दारातून, सरपटत बाहेर आलो. दार मी उघडं धरलं आणि तो दाराच्या उंबऱ्यावर लोंबकळला, दोघांचं वजन डाव्या अंगाला. मग एकानं लोंबकळत राहायचं आणि दुसऱ्यानं दोर सोडायचा. रॅचेटचा पट्टा ताणलेला असला की त्याची खिट्टी सुटत नाही, आणि सुटली की हातावर येते. अंगठ्याचं नख निळं झालं ते तेव्हा. एकेक वस्तू खाली आली. जेरी कॅनच्या डोक्यावर तीन कड्या असतात. जर्मन सैन्यासाठी १९३० च्या दशकात तो डबा बनला तेव्हाची ही करामत: भरलेला डबा दोघांनी बाजूच्या कड्या धरून न्यायचा, रिकामे असतील तर एका हातात दोन. फोटोत मला ती डिझाइन वाटायची. त्या वाटेवर आम्ही एकेक कडी धरून, पाय घसरत, दोन कॅन दीडशे पावलं वर नेऊन ठेवले, मग स्टेपनी, मग जॅक, मग पेटी. टप रिकामा झाला आणि गाडी हळूच, एखादं जनावर खाली बसतं तशी, चारही चाकांवर आली. तीच खाच मग तिनं सहज पार केली.

तेव्हा आम्ही हसलो. सामान परत चढवलं. वरच. दुसरं कुठे ठेवणार?

हिशोब मी आत्ता, रॅक वेल्डरकडे असताना केला. दोन टनांची गाडी धरली, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला, आणि दीडशे किलो दोन मीटरला जरा कमी उंचीवर ठेवले. गुरुत्वमध्य जवळजवळ ९ सेंटिमीटर वर सरकतो. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर गाडी कलंडायचा कोन ४७ अंशांवरून साडेत्रेचाळीसच्या आसपास येतो. साडेतीन अंश. कागदावर किरकोळ वाटतं. पण कागदावरची गाडी दगडाची असते. खरी गाडी खालच्या बाजूच्या स्प्रिंगवर बसते, वरच्या बाजूची उचलली जाते, टायर चेपतो, पेट्रोल डुबुक करतं, आणि कलंडण्याची वेळ त्या कोनाच्या कितीतरी आधी येते. ते साडेतीन अंश मी घरून निघतानाच खर्च करून टाकले होते, तेही वाटेत कधी न लागलेल्या स्टेपनीसाठी.

इंधनाचं मी फार बोलणार नाही, कारण माझ्या वहीतल्या नोंदींतून काही धड निघत नाही. रॅक बसवला त्याच महिन्यात हौसेनं रुंद टायरही घातले होते, त्यामुळे गुन्हेगार दोन. अमेरिकेच्या सरकारी माहितीत टपावरच्या मोठ्या बोजड पेटीचे आकडे मिळतात: शहरात मायलेज २ ते ८ टक्के घटतं, महामार्गावर ६ ते १७, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५. तीच पेटी गाडीच्या पाठीमागे लावली तर महामार्गावर १ ते ५. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तो डोंगरात जाणवत नाही. डोंगरापर्यंतच्या सपाट, कंटाळवाण्या रस्त्यावर जाणवतो. मला वहीनं वेगळीच गोष्ट सांगितली. बावीस महिन्यांत रॅकवर सामान होतं असे दिवस मोजले तर ते निघाले अकरा. बाकीचे दिवस तो ऑफिसला जाऊन येत होता. पार्किंगच्या आडव्या दांड्याखालून जाताना मी मान खाली घालायचो, जणू त्यानं गाडीची उंची कमी होणार होती.

आता एवढं झाल्यावर मी रॅकवाल्यांची टर उडवायला मोकळा झालो असतो, आणि दोन-तीन दिवस उडवलीही. मित्राला फोन करून सगळा हिशोब वाचून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लेका, मग माझी पाठ आठव." त्याची गाडी टपानं मोकळी, सगळं आत. एकदा ओढ्याच्या उतारावर त्यानं जोरात ब्रेक मारला आणि मागच्या सीटवर नुसता ठेवलेला जॅक दोन सीटच्या मधून पुढे आला. डॅशबोर्डला खोक पडली; ती चार बोटं उजवीकडे पडली असती तर आज हा फोन झाला नसता. शिवाय चिखलातून काढलेल्या पाट्या. त्या आत ठेवल्या की गाडीला तळ्याच्या गाळाचा वास महिनाभर येतो. ओली ताडपत्री, ओले बूट, आणि पेट्रोलचा डबा तर आत ठेवूच नये. झाकण कितीही घट्ट लावा, उन्हात तासाभरात डोकं धरतं. चौघं जण असले, मागची सीट भरली, तर अंथरुणं कुठे ठेवणार? दोनशे-तीनशे किलोमीटर कुठे पंपच नाही, अशा मुलखात जाणाऱ्याला दुसरी स्टेपनी आणि पाणी घ्यावंच लागतं, आणि ते सगळं आत मावत नाही. ट्रेलर ओढावा तर चिखलात तो नांगर होतो.

म्हणजे मामाचा नियमच जरा वाढवून घ्यायचा. हलकं, घाण, ओलं, लांबलचक, ते वर. जड ते खाली, मागच्या चाकांच्या पुढे, पट्ट्यानं बांधून. एवढं साधं. पण रिकामा रॅक समोर असला की त्यावर काहीतरी ठेवावंसं वाटतंच. रिकामं कपाट जसं स्वस्थ बसू देत नाही. मी स्टेपनी वर चढवली ती लागेल म्हणून नव्हे. पुढच्या नळीपासून मागच्या नळीपर्यंत इतकी जागा होती आणि मोकळी वाईट दिसत होती.

रॅक परत आला. तडकलेल्या कोपऱ्यात वेल्डरनं त्रिकोणी पट्टी भरली होती, सांगितलं नसताना उरलेल्या तीन कोपऱ्यांतही भरली होती. नवा काळा रंग, अजून जरा बोटाला चिकटणारा. दोर त्यानं काढून टाकला होता, "फाटका होता, फेकला" म्हणाला. दोन आठवडे रॅक भिंतीला टेकून उभा होता आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत होतो. आठ बोल्ट, आठ वायसर, रबराच्या चकत्या, सगळं एका बरणीत. विकावा का? एकदा फोटोही काढले. मग विकायचं म्हणून जे लिहायला बसलो ते वाचून मलाच तो घ्यावासा वाटायला लागला.

पुढच्या महिन्यात मित्र, त्याची बायको आणि आम्ही दोघं असे चौघं पाच दिवसांसाठी निघायचं ठरलं. सीट चारही भरल्या. मी यादी करायला बसलो. तिनं यादी हातातून घेतली, वजनकाटा काढला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवत गेली. अंथरुणाच्या वळकट्या, ताडपत्री, दोन पाट्या, दोन रिकाम्या घड्या घातलेल्या पिशव्या चिखलाच्या बुटांसाठी. "एकोणीस," ती म्हणाली. मी म्हटलं, "अजून सहा बसतील." तिनं नुसतं बघितलं. मी गप्प बसलो. स्टेपनी जिथे कंपनीनं दिलीय तिथेच, मागच्या दारावर. पेट्रोलचा एकच कॅन, तोही मागच्या दाराला बाहेरून कडी करून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रॅक चढवला. हे एकट्याचं काम नाही. ४१ किलो दोघांत काही फार नाहीत, पण डोक्याच्या वर धरून, पत्र्याला न लावता, आठ भोकं जुळवायची. ती दुसऱ्या बाजूला स्टुलावर होती, मला फक्त तिची बोटं दिसत होती, नळीभोवती आवळलेली, नखांना काळा रंग लागलेला. "पुढे. अजून. जरा मागे. धर." बोल्ट हातानं लावले, मग पान्यानं कोपऱ्याकोपऱ्यानं आवळले. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "आल्यावर रविवारी काढायचा." मी हो म्हटलं. बरणी मी टेबलावरच ठेवली, समोर दिसेल अशी.

पहाटे निघालो. मागच्या सीटवरचे दोघं लगेच झोपले. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, काटा सत्तरवर गेला, ऐंशीवर गेला, आणि डोक्यावरून तो जुना सूर उठला, घूंऽऽ, दोर नसल्यामुळे अगदी स्वच्छ. बाहेर जरा उजाडत होतं. ती खिडकीला डोकं टेकवून बाहेर बघत काहीतरी म्हणाली.

"काय?" मी विचारलं.